साडूभाऊ आणि पडलेलं शून्य

कोणतीही गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली की वाटेत थोडीफार सांडते, चेपते, निदान तिची घडी तरी मोडते, हे साऱ्या जगाने केव्हाच मान्य करून टाकलं आहे. ते मान्य नसलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून नात्याने ते थोरले. वयानेही थोरले. आणि त्यांच्या स्वतःच्या मताप्रमाणे उरलेल्या सगळ्याच बाबतींत थोरले. ओतूरला एसटी स्टँडासमोर त्यांचं टायपिंग, झेरॉक्स आणि कॉम्प्युटरच्या कामांचं दुकान आहे. दुकानाला नाव असेल, पण ते कुणी वाचलेलं नाही, कारण नावाच्या पाटीवरच त्यांनी दुसरी मोठी पाटी ठोकली आहे: ‘फाइल जशी आली तशी उघडून मिळेल.’ नवीन माणूस ती वाचून थबकतो. फाइल उघडायला दुकान कशाला लागतं, असं त्याला वाटतं. मलाही लग्नानंतर पहिली काही वर्षं तसंच वाटत होतं.

मी मंचरला हायस्कुलात शिक्षक आहे. हल्लीच्या शिक्षकाच्या नशिबी मुलांपेक्षा मुलांच्या याद्या जास्त असतात आणि त्या याद्या कुठल्या ना कुठल्या पोर्टलवरून फाइलीच्या रूपात येतात. एकदा साडूभाऊ आमच्याकडे आले असताना मी त्यांच्यासमोर तसल्या एका फाइलीवर डबल क्लिक करायला गेलो. पाळण्यातून मूल पडताना पाहावं तसे ते ओरडले, "आहो, आहो, आहो!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं शॉक बसला. साडूभाऊंनी माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पावणं, डबल क्लिक म्हंजी दार लोटून कुणाच्या बी घरात घुसणं. माणसानं आदी इचारावं, चपला कुटं काढू, बसू कुटं."

मग त्यांनी मला जे समजावून सांगितलं ते मी तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी ते जेवणाची ताटं वाढून होईपर्यंत सांगितलं होतं. अशी फाइल म्हणजे नुसती अक्षरं आणि मध्ये स्वल्पविराम, बाकी काही नाही. तिच्यावर डबल क्लिक केलं की स्प्रेडशीट स्वतःच्या डोक्याने ठरवते, हा आकडा, ही तारीख. आकडा म्हटलं की पुढचं शून्य कामाचं नाही म्हणून काढून टाकते, पॉइंटनंतरचं शेवटचं शून्यही गाळते. फार लांबलचक नंबर असला की त्याचं गाठोडं बांधून मध्ये एक इंग्रजी अक्षर खोचते. मराठी नावांचे तर नुसते चौकोन करते. म्हणून तिला आपण होऊन काही ठरवू द्यायचं नाही. कोरी शीट उघडायची, वरच्या ‘डेटा’ मेनूतून फाइल आत बोलवायची, ती नमुना दाखवते तिथं थांबायचं आणि एकेका रकान्याला तो कोण आहे ते सांगायचं. साडूभाऊ हे काम रकान्यांशी बोलत बोलत करतात. चष्मा कपाळावर, मान तिरकी. "तू कोण? मोबाइल नंबर. तुजी बेरीज कोण करनारे? कोनीच न्हाई. मंग तू आकडा न्हाईस बाबा, तू मजकूर. बस हितं." ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, हा त्यांचा सिद्धांत आहे आणि तो त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांपासून आमच्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलेला आहे.

एवढं ऐकूनही पुढे एकदा घाईत मी डबल क्लिक करून बसलोच. फाइल उघडली तर वर्गातल्या सगळ्या मुलांना एकच नंबर, आणि नावांच्या जागी चौकोनांच्या रांगा. मी ओतूरला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, तो डॉक्टर "काही खाल्लं का?" विचारतात त्या सुरात: "सेव्ह केलं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि "कशाला बी हात लावू नका, आलो" म्हणून मिळेल ती एसटी धरून मंचरला आले. येताना ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दिलेली मासवडी होती. रस्सा वेगळ्या डब्यात, वड्या वेगळ्या डब्यात, प्रत्येक वडी उभी, एकीला दुसरीचा धक्का नाही. डबा त्यांनी ओतूर ते मंचर मांडीवर सपाट धरला होता आणि आळेफाट्याला शेजारच्या बाईने "द्या की जरा इकडं, मी धरते" म्हटल्यावर तिला नकार दिला होता. आल्या आल्या त्यांनी आधी मुलांची नावं परत आणली आणि मगच पाणी मागितलं. "माणसाचं नावच गेलं, तर म्हागं राह्यलं काय राव?" असं म्हणून ते पाणी प्याले. मी हसलो खरा, पण आपल्या वर्गाची यादी पुन्हा नावानिशी दिसल्यावर मला जे बरं वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुकानात बसून त्यांची मिजास पाहावी. नम्रपणा हा शब्द त्यांच्या कानावर आलेला असावा, पण त्यांनी तो आत बोलावलेला नाही. पुणे जिल्ह्यात डेटा सुरक्षित असलेलं शेवटचं ठिकाण म्हणजे ओतूरचा एसटी स्टँड, अशी त्यांची खात्री आहे. "पुण्याचं काय सांगता? तितं समदे डबल क्लिकवाले." एकदा मी बसलो असताना एक शेतकरी आला आणि काकुळतीने म्हणाला, "भाऊ, माजं वावर तीन एप्रिल झालंय." मला वाटलं कोर्टाची तारीख असेल. साडूभाऊंना मात्र क्षणात कळलं. बिचाऱ्याच्या जमिनीचा नंबर तीन आडवी रेघ चार. दुसऱ्या कुठल्या तरी दुकानात कुणीतरी डबल क्लिक केलं आणि स्प्रेडशीटने त्याची तारीख करून कागदावर छापून दिली. साडूभाऊ म्हणाले, "घाबरू नको. तुज्या शेजाऱ्याचं तर बारा डिसेंबर झालं व्हतं, तेबी मीच म्हागं आणलं." आणि त्यांनी तो कागद फाडून टाकला नाही, तर भिंतीवर चिकटवला. तिथं असे पुष्कळ कागद आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहून शहाणं व्हावं म्हणून.

हा स्वभाव दुकानाचं शटर ओढल्यावर दुकानात राहिला असता तर आम्हा नातेवाइकांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण ते निरोपसुद्धा तसेच पोचवतात. आमच्या ताईंनी एकदा चिडून म्हटलं, "माझ्या बहिणीला सांगा, एवढी मोठी झाली असशील तर नको येऊ, आणि येताना माझं पातेलं घेऊन ये." दुसरा कुणी असता तर त्याने नुसतं पातेलं पोचवलं असतं. साडूभाऊंनी सगळं वाक्य, ताईंच्या आवाजाच्या चढासकट, आमच्या दारात उभं राहून म्हणून दाखवलं, आणि मध्ये ताईंना ठसका लागला होता तोही दिला. दोघी बहिणी काही दिवस फुगून होत्या. मी त्यांना म्हटलं, "अहो साडूभाऊ, थोडं गाळून सांगायचं." ते खरोखरच चकित झाले. "मी कोण गाळणार? माल माजा हाय का?" घर बदललं तेव्हा ताईंच्या फडताळातले डबे ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने नव्या घरात लागले, आणि त्यात एक रिकामा डबा होता तोही आपल्या जागी रिकामा लागला. ताई त्यात काहीतरी भरायला गेल्या तर म्हणाले, "आदी रिकामा व्हता ना? मंग त्येला आज तरी रिकामाच राहू दे."

आता आमच्या सासऱ्यांविषयी सांगायला हवं. आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो. मामा डिंगोऱ्याचे. शेती चांगली, घर भरलेलं, दोन मुली दिल्या घरी सुखी; पण मामांचा जीव होता तो बैलगाड्यात. आमच्या जुन्नर-आंबेगावात हे वेड काय आहे ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. चढाचा घाट, चार बैलांचा हलका गाडा, त्यावर हाकायला कुणी नाही, आणि सगळ्यांत कमी वेळात जो घाट चढेल तो त्या यात्रेतला घाटाचा राजा. मामांचा गाडा जवळजवळ सगळ्या घाटांत पळाला होता आणि राजा कुठेच झाला नव्हता. त्यांच्या पुढच्या जोडीतल्या बैलाचं नाव कलेक्टर. "कलेक्टरला आंघोळ घातली का?" "कलेक्टरनं आज कोंडा सोडला" अशी वाक्यं त्या घरात सहज चालत. कलेक्टर आता म्हातारा होत चालला होता. त्या वर्षीची शेजारच्या गावची यात्रा ही त्याची शेवटची, हे मामांनी स्वतःच ठरवलं होतं, आणि ते ठरवल्यापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. साडूभाऊ थंडीभर दर रविवारी डिंगोऱ्याला जाऊन कलेक्टरच्या पायांना तेल चोळत होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना मामांची कदर नव्हती असं पुष्कळ जणांनी म्हटलं.

त्या यात्रेत पहिल्यांदाच वेळ मोजायचं यंत्र आणलं होतं. पूर्वी हातातल्या घड्याळांवरून दरवर्षी एक तरी डोकं फुटायचं. यंत्र प्रत्येक गाड्याची वेळ टिपायचं आणि थोड्या थोड्या गाड्यांची मिळून एक फाइल मंडपातल्या लॅपटॉपवर यायची. लॅपटॉपवर कुणाला बसवायचं यावर दुमत होण्याचं कारणच नव्हतं. सकाळपासून साडूभाऊ एकेक फाइल ‘डेटा’मधून आत बोलवत होते, रकान्यांना बसायला सांगत होते, आणि निवेदक माइकवरून वेळा पुकारत होता. सगळं सुरळीत चाललं होतं. दुपारी गावातल्या एका ओळखीच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं. नाही म्हणणं शक्य नव्हतं. साडूभाऊ उठले, लॅपटॉपवर स्वतःचं उपरणं टाकलं आणि "मी येस्तोवर काय बी उघडू नका" असं बजावून गेले.

तेवढ्यात मामांचा गाडा सुटला. कलेक्टर असा पळाला की मी माझ्या शिक्षकी पेशाला न शोभेल असा किंचाळलो. त्याच्या मागोमाग आणे गावच्या एका पैलवानाचा गाडा सुटला, तोही तसाच. सकाळपासून इतक्या वेगात कुणीच पळालं नव्हतं; राजा या दोघांतलाच, पण कुणाचा पुढे हे डोळ्याला कळेना. निवेदक माइकवर खोळंबलेला, लोक ओरडतायत, आणि यात्रा कमिटीच्या सेक्रेटरींना धीर धरवेना. त्यांनी उपरणं बाजूला केलं आणि फाइलीवर डबल क्लिक केलं. समोर दिसलं: आण्याचा गाडा ११.४५, मामांचा ११.५. निवेदकाने पुकारलं, "आण्याचा गाडा, अकरा सेकंद पंचेचाळीस पॉइंट! डिंगोऱ्याचा गाडा, अकरा सेकंद पाआआच पॉइंट!" पंचेचाळीसपेक्षा पाच कमी, हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला कळत होतं. भंडारा उधळला, मामांना लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि आण्याच्या पैलवानाने मान हलवून निकाल मान्य केला आणि तो आपले बैल टेम्पोत चढवायला निघाला.

साडूभाऊ तोंडात सुपारी टाकत मंडपात आले. पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड हलायचं थांबलं. "ह्ये कुणी उघडलं?" त्यांनी ती शीट बंद केली, फाइल पुन्हा त्यांच्या पद्धतीने आत घेतली, आणि मामांच्या नावासमोर आलं ११.५०. पाच नव्हे, पन्नास. शेवटचं शून्य गळालं होतं. मी शेजारीच होतो. मला काय कळायचं ते कळलं आणि मी त्यांचा दंड धरला. "साडूभाऊ, राहू द्या. कुणी विचारत नाहीये. मामांकडे एकदा बघा तरी."

त्यांनी बघितलं. मामा लोकांच्या खांद्यावर होते, पिवळे धमक झालेले, आणि दोन्ही हातांनी कलेक्टरकडे बोट दाखवत होते, की मला काय उचलता, त्याला उचला. साडूभाऊंचा चेहरा इतका पडलेला मी आधी आणि नंतरही पाहिला नाही. "पावणं, मला काय आनंद हाय का?" ते म्हणाले. "पर त्यो टायम आण्याच्या बैलांचा हाय. आपल्याकडं चुकून आलाय. उद्या मामांनी मला एकट्याला गाठून इचारलं, खरंच झालो व्हतो का रं राजा, तर मी काय सांगू?"

ते माइककडे गेले नाहीत. आधी मामांकडे गेले. "मामा, खाली उतरा." मामा वरून ओरडले, "का रं पावणं? तूच ये की वर!" "मामा, शून्य पडलंय." "कुटं पडलं?" "तुमच्या टायमातलं. तुमचं पन्नास व्हतं, त्येचं पाच झालं. आण्याचा गाडा म्होरं हाय." मामांना ते पुरतं समजायला थोडा वेळ लागला. ज्यांनी उचललं होतं त्यांनीच त्यांना अलगद खाली ठेवलं. मामा म्हणाले, "जावई हायेस का वैरी?" एवढंच. गळ्यातला हार काढून त्यांनी कमिटीच्या टेबलावर ठेवला, कलेक्टरची वेसण धरली आणि मागे न बघता निघाले. साडूभाऊंनी मग माइक हातात घेऊन सगळा घोळ लोकांना समजावून सांगितला. एरवी मोकाट सुटणारी त्यांची जीभ त्या दिवशी दोनदा अडली. आण्याचा पैलवान टेम्पोतून उतरून परत आला. ढाल त्याने मान खाली घालून घेतली.

ताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण ठेवताना आवाज करायच्या. पोळ्याला मामांनी फक्त धाकट्या जावयाला बोलावलं. मी गेलो, पण पुरणपोळी अर्धीच खाऊन उठलो. मी साडूभाऊंना म्हटलं, जाऊन मामांची समजूत घाला, तुमचा काय दोष? ते म्हणाले, "न्हाई पावणं. मामांचा राग जसा हाय तसा घ्यायचा. त्यातलं कमी-जास्त आपुण न्हाई करायचं." त्या थंडीत कलेक्टर गेला. मामांनी त्याला आपल्याच वावरात पुरलं. साडूभाऊ न बोलावता गेले आणि सगळ्यांबरोबर माती ओढली. मामा त्यांच्याशी बोलले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत.

पुढल्या यात्रेच्या आधी कमिटीची बैठक झाली. गेल्या वर्षी भर घाटात निकाल फिरवणारा माणूस पुन्हा नको, असं एक-दोघांनी सुचवून पाहिलं. तेव्हा आण्याचा पैलवान उठून म्हणाला, "त्यो डिंगोऱ्याचा जावई बसणार आसंल तरच आमी गाडा आणतो. न्हाई तर ऱ्हाऊ द्या." बाकीच्या गाडामालकांनी माना डोलावल्या. साडूभाऊ पुन्हा मंडपात बसले. त्या दिवशी दुपारी जेवणाची बोलावणी आली, पण ते लॅपटॉपसमोरून हलायला तयार नव्हते. मी म्हटलं मी बसतो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं सगळं पूर्वायुष्य त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

तेवढ्यात मामा आले. त्यांचा गाडा नव्हता त्या वर्षी. नुसतेच आले होते, काठी टेकत. मंडपात आत आले, एक खुर्ची ओढली आणि वर्षभरात पहिल्यांदा थोरल्या जावयाला म्हणाले, "जा. जेवून ये. मी बसतो." साडूभाऊ उभे राहिले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. "मामा, कुणी हात..." "कोण लावतंय त्ये बघतो," मामा म्हणाले आणि मिटलेल्या लॅपटॉपवर काठी आडवी ठेवून बसले. साडूभाऊ बाहेर पडले आणि मंडपाच्या कनातीआड थांबून त्यांनी तोंडावरून हात फिरवला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या माणसाचा त्या क्षणी फार अभिमान वाटत होता आणि तो मी आजवर त्यांना बोलून दाखवलेला नाही, कारण ते तो जसाच्या तसा गावभर पोचवतील.

मी परत आत येऊन बसलो. सेक्रेटरी एकदा टेबलाजवळून गेले, तर मामांनी त्यांना नुसत्या नजरेने लांब केलं. घाटात निशाण पडलं, ‘भिर्रर्र’ची आरोळी उठली, सगळा मंडप उभा राहिला. जन्मभर घाटावरून नजर न काढलेले मामा घाटाकडे पाठ करून बसले होते. पुण्याहून फोटो काढायला आलेला एक पाहुणा त्यांच्यापाशी वाकला आणि त्याने विचारलं, "आजोबा, तुमचा गाडा कधी घाटाचा राजा झाला होता का?"

"झाला व्हता की," मामा म्हणाले. "घटकाभर." मग त्यांनी साडूभाऊ गेले त्या दिशेला हनुवटी केली. "मंग आमचं जावई जेवून आलं." गावाकडचा माणूस आपल्या पोराला नोकरी लागल्याचं ज्या आवाजात सांगतो, तोच आवाज होता तो.